कवलापूरची धावपट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या विमानतळाचा प्रारंभ १९३९ मध्येच झाला. आमच्या सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी मात्र वर्षानुवर्षे ओसाड पडून आहे, याचे सांगलीकर म्हणून मनस्वी दुःख होते. कोल्हापूर जेमतेम पन्नास किलोमीटरवर असताना वेगळा विमानतळ कशाला, असे विचारले जाते आणि प्रवाशांपुरता तो प्रश्न रास्तही आहे. परंतु तासगाव-मिरज पट्ट्यातील निर्यातक्षम द्राक्षे तोडणीनंतर काही तासांतच थंड करून पुढे शीतगृहाच्याच तापमानात ठेवावी लागतात (बेदाणा आणि हळद यांना ही घाई नसते). म्हणून येथील विमानतळाच्या आराखड्यात मालवाहतूक आणि शीतगृह यांना पहिले स्थान हवे. हा आराखडा ठरेपर्यंत या जागेचे तुकडे पाडू नयेत, ही शासनास कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली