एफडी मोडू नका, फॉर्म भरून झालाय

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून अर्धं ऐकते आणि त्या अर्ध्याचीच रात्रभर काळजी करत बसते. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लाव आणि तू स्वतः वाच. बाबांना वाचायला दिलंस तर त्यांना न आवडलेली वाक्यं ते गाळतील.

आधी मुद्द्याचं सांगते. चिनूच्या कॉलेजसाठी आर्थिक मदतीचा अर्ज आम्ही नोव्हेंबरातच भरला. त्यामुळे बाबा, तुम्ही एफडी मोडायची नाही. बँकेतून कागद आणून ठेवले असतील तर फाडून टाका. हे मी विचारत नाहीये, आमचं ठरलंय.

रागावू नका. तुम्ही एफडी मोडणार हे मला कसं कळलं तेही सांगते. आई, गेल्या रविवारी तू म्हणालीस, "आता फारसं दुखत नाही गं, ऑपरेशनचं बघू पुढच्या वर्षी." आणि मागच्याच महिन्यात तू जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरतेस असं वहिनी म्हणाली होती. गुडघा आपोआप बरा होत नाही, एफडी मात्र एकदा मोडली की मोडली. ती गुडघ्यासाठीच ठेवली होती ना? नातीच्या फीसाठी आजीने लंगडत राहायचं, हे मला कसं चालेल?

आई, तू ज्याला "फापटपसारा" म्हणतेस तो फॉर्म म्हणजे फाफ्सा, "फ्री ॲप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड". नावात पहिलाच शब्द "फ्री" आहे, पण फुकट असतो तो फॉर्म, शिक्षण नव्हे. तो इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा अर्ज. परत न करायचं अनुदान, सरकारी कर्ज, कॉलेजातच काम करून मिळणारे पैसे, आमच्या इलिनॉय राज्याचं मॅप ग्रँट नावाचं अनुदान, सगळ्याची सुरुवात त्याच एका अर्जापासून होते. इलिनॉयमध्ये तर सरकारी शाळेतून बारावी होऊन बाहेर पडायचं तरी हा फॉर्म भरावा लागतो, नाहीतर भरणार नाही असं लेखी द्यावं लागतं. तेव्हा बाबा, "हात पसरायची वेळ आली का?" असं तुम्ही दिवाळीत म्हणालात ना, त्यावर मी गप्प बसले, पण ते लागलं मला. इथे कुणी हात पसरत नाही. चिनूच्या वर्गातली डॉक्टरांची मुलंही भरतात. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. या मदतीचा पाया ज्या १९६५ च्या कायद्याने घातला, तो करणारे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. पैशांसाठी स्वतःचं कॉलेज मध्येच थांबवून ते वर्षभर शाळेत मास्तरकी करायला गेले होते. तुमच्याच जातकुळीतले.

फॉर्म भरायचा तर चिनूचं खातं वेगळं, माझं वेगळं. तिने तिचा भाग भरला आणि मला ई-मेलने बोलावणं पाठवलं. जेवणाच्या टेबलाशी माझ्या शेजारीच बसली होती, तरी! मोबाइलवर कोड आला, मी तो चुकवला, मग दुसरा. तुमचे जावई आणि मी टॅक्स एकत्र भरतो म्हणून आमच्यातल्या एकालाच पुरलं. उत्पन्नाचे आकडे आपण लिहायचेच नाहीत, संमती दिली की ते थेट टॅक्स खात्याकडून येतात. संमती नाही तर सरकारी मदत नाही. मी काय भरलंय ते चिनूला दिसत नाही, हे मला फार बरं वाटलं. तिला येत्या मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील, ती मत द्यायला लागेल, पण लग्नबिग्न केलं नाही तर चोवीस वर्षांची होईपर्यंत या फॉर्मच्या लेखी ती आमच्या पदराखालीच.

मग मालमत्तेचा प्रश्न आला. राहतं घर आणि निवृत्तीसाठी साठवलेली खाती फाफ्सा विचारत नाही. दुसरी स्थावर मालमत्ता मात्र विचारतो, ती कुठल्याही देशात असो. चिनू म्हणाली, "आजोबांनी तुझ्या नावावर केलेला फ्लॅट?" मी थांबले. मग लिहिला. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "कशाला लिहिलास? कोण बघायला येणार आहे इथवर?" तुम्ही हे म्हणावं? माझ्या अकरावीच्या वेळी ईबीसीच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या फी सवलतीसाठी तुम्ही दोन दिवस रजा टाकून उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे होतात. कारकून म्हणाला, "मास्तर, शिकवण्यांचे पैसे कोण विचारतंय, पगार तेवढा लिहा." तुम्ही शिकवण्यांचेही लिहिलेत, मर्यादा ओलांडली, सवलत गेली. संध्याकाळी घरी आलात तेव्हा सदऱ्याच्या खिशावर शाईचा डाग पडला होता. तुम्ही कुणाशी बोलला नाहीत आणि आईने भिशीचे पैसे मागून आणले. मी सगळं बघितलंय. तेव्हा फ्लॅट लिहिला हा माझा दोष नाही, तुमचाच आहे. शिवाय जाणूनबुजून खोटं लिहिलं तर वीस हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगही होऊ शकतो. पण खरं सांगते, दंडाचं वाक्य मी नंतर वाचलं.

चिनूच्या नावावर पैसे पाठवायची तुमची कल्पना प्रेमाची आहे, पण हिशेबाने चुकीची. आमच्याकडच्या शिलकीतले फार तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास ते फीसाठी धरतात, मुलीच्या स्वतःच्या खात्यातल्या पैशांचे मात्र वीस टक्के. फॉर्म भरायच्या दिवशी खात्यात जे असेल ते मोजतात आणि फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. म्हणजे तुम्ही द्यायचे आणि त्यामुळे तिची मदत घटायची. तिला काही द्यायचंच असेल तर पत्र लिहा. तुमचं अक्षर तिला लावता येत नाही, पण ती ते वही उघडून शिकतेय.

आता जे सांगायचं म्हणून इतकी पानं गेली, ते. आई, बस आणि घाबरू नकोस. गेल्या मार्चमध्ये जावयांची नोकरी गेली. पूर्ण विभागच बंद केला, त्यांची काही चूक नव्हती. तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हा बाबांचं बीपी वाढलेलं होतं, मग गणपती आले, मग दिवाळी, आणि नंतर इतके महिने का लपवलं हे सांगायची लाज वाटायला लागली. जे तुम्हाला सांगितलं नाही ते आधी एका सरकारी फॉर्मच्या निमित्ताने परक्या माणसांना सांगावं लागलं, हे मला अजून टोचतंय. माफ करा.

पण खाण्यापिण्याची ददात नाही, हे आधी ऐका. माझी नोकरी व्यवस्थित आहे, विमा तिच्यातूनच आहे. आमचं ग्रीन कार्ड झालेलं आहे, त्यामुळे नोकरीपायी देश सोडावा लागणार नाही. घरात हीटर चालू असतो, मी लोकरीचे मोजे घालते. जावई आता पोळ्या करतात, माझ्यापेक्षा गोल. दोन ठिकाणी त्यांच्या मुलाखतींच्या पुढच्या फेऱ्या चालू आहेत. दूध, भाजी, गाडी, सगळं आहे. पुढच्या वर्षी यायचं तेवढं पुढे ढकललंय.

या फॉर्मची मेख अशी की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी तो २०२४ चं उत्पन्न बघतो. त्या वर्षी दोघांचे पगार होते. त्यावरून एक आकडा निघतो, स्टुडंट एड इंडेक्स. तो जितका कमी तितकी मदत जास्त. तो उणे १,५०० पर्यंतही जाऊ शकतो, आमचा भलताच अधिक आला. त्याने पेल ग्रँट, म्हणजे केंद्राचं मुख्य अनुदान, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ते तर हुकलंच. पण परिस्थिती बदलली असेल तर प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला कळवता येतं. नोकरी संपल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचे कागद, आत्ताचं उत्पन्न, सगळं जोडून. त्यांना पटलं तर ते आकडा बदलू शकतात. पटेलच असं नाही. तेच अर्ज गेले दोन रविवार लिहीत होते, म्हणून फोन तोकडे झाले.

दोन खासगी कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक अर्ज लागला. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर, दुसऱ्यासाठी १६. तो राहत्या घराची किंमतही विचारतो. अगदी आपल्या आत्यासारखा चौकस. (हे तिला वाचून दाखवू नका.)

उरलेल्यासाठी चिनू थोडं कर्ज घेईल. बाबा, कर्ज म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा होतो मला इथून दिसतंय. पहिल्या वर्षी सरकार तिला फार तर ५,५०० डॉलर देतं, त्यापलीकडे तिला मागताच येत नाही. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी फेड सुरू. आणि जामीनदार लागत नाही. नानाकाकांच्या प्रकरणानंतर आपल्या घरात तो शब्द कुणी काढत नाही, तो या सरकारी कर्जात नाहीच. कुणी कुणासाठी सही करायची नाही.

तर आता मी सांगते ते करा. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घ्या, वहिनीला बरोबर न्या. न्हाणीघरात पकडायला दांडे बसवून घ्या, "बघू" नको. बाबा, बीपीची गोळी सकाळच्या चहाआधी, पेपर वाचून झाल्यावर नव्हे. आई, ऑपरेशननंतर महिनाभर स्वयंपाकाला बाई लाव, तिच्या हातची आमटी तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे, तरी लाव. जावयांना फोन कराल तेव्हा नोकरीचं विचारू नका. पोळ्यांचं विचारा.

तारीख मिळाली की लगेच फोन करा, इथे रात्र असली तरी.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, तो अकरावीचा उत्पन्नाचा दाखला अजून तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहे का? असला तर मोबाइलवर फोटो काढून पाठवा. चिनूला दाखवायचाय.