ओंकार, फॉर्म कन्फर्म करायच्या आधी हे वाच

प्रिय ओंकार,

परवा फोनवर जे झालं ते झालं. पुन्हा फोन केला असता तर आपण दोघं परत तिथंच येऊन अडलो असतो म्हणून लिहितेय, मला टाईप करायला वेळ लागतो तेव्हा पूर्ण वाच, नुसता अंगठा पाठवू नको. उद्या रात्रीपर्यंत बी.एस्सी. ॲग्रीच्या कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म कन्फर्म करायचाय असं पप्पा म्हणाले, आणि तू पहिल्या पाचात परभणीचं कृषी कॉलेज टाकलेलंच नाहीस हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

एक आधीच सांगते, तू जवळ राहावंस म्हणून मी परभणी म्हणत नाहीये. सेलूहून गाडीत बसलं की तासाभरात परभणी, शनिवारी डबा पाठवता येईल, हे मनात येतंच, का नाही येणार. पण दहावीनंतर तुला लातूरला मीच पाठवलं, आजी तेव्हा माझ्यावर किती दिवस रुसून होती तुला ठाऊक आहे.

तू म्हणालास राहुरीचं कृषी विद्यापीठ टॉप आहे, सगळे सीनियर हेच सांगतात. मी विचारलं टॉप म्हणजे कशात, तर म्हणालास तिथून सरकारी पोस्ट निघतात. बस, तिथंच माझ्या पोटात गोळा आला. अजून कॉलेजचं तोंड बघितलं नाही आणि आत्तापासून पोस्टचं बोलणं. संजूमामा सुट्टीला यायचा तेव्हाही घरात दुसरं काही नसायचं, एमपीएससीची ॲड कधी येणार, पूर्व कधी, मुख्य कधी, कटऑफ किती लागेल. आता त्याच्यापुढं कुणी तो विषय काढत नाही, तूही काढत नाहीस. असो, मामाचं या पत्रात आणायचंच नव्हतं मला.

तुझ्या सीनियरांना एक विचार, बी.एस्सी. ॲग्रीचा सिलॅबस राहुरीला वेगळा आणि परभणीला वेगळा आहे का? नाही. आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, डीन कमिटी देशभरासाठी ठरवून देते, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत जवळपास तोच. शेवटच्या वर्षाला रावेसाठी, म्हणजे शेतीच्या कामाचा अनुभव घ्यायला, गावात जाऊन राहायचं तेही चारही ठिकाणी. मग फरक कशाचा, तर वर्गाच्या बाहेर पडलास की समोर कुठलं पीक उभं आहे आणि त्यात हात घातलेली माणसं कोण आहेत याचा. आबा सांगतात ना, १९६८ ला अख्ख्या महाराष्ट्राला मिळून एकच कृषी विद्यापीठ झालं होतं, तेच राहुरीचं. विदर्भातली माणसं आपलं वेगळं पाहिजे म्हणून भांडली आणि १९६९ ला अकोला झालं, १९७२ ला परभणी आणि दापोली, दोन्ही एकाच दिवशी, १८ मेला. उगाच नाही भांडले लोक. उसाचं आणि डाळिंबाचं ज्ञान घेऊन कापसाच्या शेतात काय करायचं, आणि आमची तूर कोकणातल्या माणसाला काय कळणार.

राहुरीला मी नावं ठेवत नाही हं. भगवा डाळिंब त्यांचा, ८६०३२ ऊस महाराष्ट्रात आणला तो त्यांच्या पाडेगावच्या केंद्रानं, फुले त्रिवेणी गाय त्यांची. आपल्या रानात गेल्या खरिपात अर्धं सोयाबीन फुले संगम होतं, ते राहुरीच्याच कसबे डिग्रजच्या केंद्रातलं, आणि बांधाच्या अलीकडं आपलं परभणीचं एमएयूएस ६१२. पप्पा आणि आबा रोज सकाळी त्यावरून वाद घालायचे. ६१२ आधी हाती आलं, संगमचा उतारा भारी होता, शेवटी दोघंही आपापलं खरं करून बसले. तुला हे बघायला पाहिजे होतं, तू असतास तर दोन्हीकडच्या शेंगा मोजून वहीत मांडल्या असत्यास.

वहीवरून आठवलं. २०१७ ला बोंडअळीने सगळ्यांचीच कपाशी गेली, तू तेव्हा चौथीत असशील. पप्पा बांधावर डोकं धरून बसलेले आणि तू आपला फुलं तोडत सुटलेला, मी ओरडले तुझ्यावर. तर तू पळत आलास आणि एक न उमललेलं फूल माझ्या हातावर ठेवलंस, गुलाबाच्या कळीसारखं आवळलेलं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. नखानं एकेक पाकळी सोडवलीस आणि आत ती एवढीशी अळी. आबा म्हणाले ही डोमकळी. त्यानंतर रोज शाळेतून आलास की दप्तर ओसरीवर टाकून रानात, कुठल्या ओळीत किती डोमकळ्या सापडल्या ते वहीत लिहायचास, तारीख टाकून. कुणी सांगितलं नव्हतं तुला. पुढच्या वर्षी पप्पांना कामगंध सापळे, ते वासानं पतंग ओढणारे, लावायला तूच लावलंस आणि त्यातले पतंग मोजायलाही तूच. शेजारचे येऊन बघून जायचे. मला त्या दिवसांत जे वाटायचं ते मी कधी बोलून दाखवलं नाही, बोलले असते तर आजी म्हणाली असती दृष्ट लागेल.

आणि तो मुलगा आता मला सांगतो की आई, डिग्री नुसती पाहिजे, खरा अभ्यास अभ्यासिकेत असतो. हे वाक्य तुझं नाही ओंकार. हे कुणाचं तरी ऐकून आलेलं आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती ते टीव्हीवर बघितलंस ना, कृषीच्या २५८ जागा एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेत घ्या म्हणून. सगळी ॲग्री झालेली, शेतकऱ्यांचीच लेकरं. मी प्रत्येक चेहरा निरखून बघत होते, यांच्या आया काय करत असतील आत्ता. कुणी चार वर्षं झाली पेठेत राहतंय, कुणी सहा, खोलीचं भाडं, मेस, टेस्ट सिरीज, घरी सांगायचं यंदा नक्की. जागा २५८ आणि पोरं किती, हे तू मोज, तुला मोजायची आवड आहे.

बघ, परत तिथंच आले. लेक्चर द्यायचं नाही ठरवून बसले होते, राग मानू नको.

सरकारी नोकरी वाईट असंही मी म्हणत नाही. आपल्या सहायक कृषी अधिकारी मॅडम किती जीव लावून काम करतात तू बघतोस, मागच्या पेरणीच्या आधी त्यांनी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण तपासायला लावली म्हणून आपलं बियाणं वाया गेलं नाही. तू तसा साहेब झालास तर मी गावभर पेढे वाटीन. पण मॅडमना ते येतं कारण त्या कॉलेजात असताना मातीत उतरल्या होत्या. चार वर्षं मातीत काढ, मग परीक्षा दे, बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याची, एएफओची दे, एमपीएससी दे, कोण अडवतंय. पहिल्या दिवसापासून वर्ग बुडवून चालू घडामोडी पाठ करायला चार वर्षं घालवायची असतील तर राहुरी काय आणि परभणी काय.

पप्पांचं वेगळं आहे. त्यांना तू साहेब झालेला बघायचाय आणि ते त्यांनी संजूच्या वेळीही बोलून दाखवलं होतं. तू त्यांच्या मनासारखं बोलतोस म्हणून ते तुझ्या बाजूला आहेत, पण रात्री त्यांनाही झोप नसते, कूस बदलत असतात, मला कळतं.

आता कामाचं. तुझ्या यादीत मी पप्पांच्या मोबाईलवर बघितलं, तिसऱ्या आणि चौथ्या नंबरला तू जी कॉलेजं टाकलीस ती राहुरीला संलग्न आहेत, विनाअनुदानित. सर्टिफिकेटवर नाव विद्यापीठाचंच येणार हे खरं, पण तिथं संशोधन केंद्र नाही, प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजचं शेत, किती आहे ते जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि फी किती आहे ते तूच बघ. त्यापेक्षा कुठल्याही विद्यापीठाचं घटक कॉलेज, म्हणजे त्याचं स्वतःचं, वर घे. राहुरीचंच पाहिजे असेल तर पुणे, कोल्हापूर, धुळे आहे, परभणीचं म्हणशील तर लातूर, अंबाजोगाई, बदनापूर आहे. बदनापूरला तर तुरीचं केंद्र आहे, आपली बीडीएन ७११ तूर तिथलीच, आणि त्या केंद्रात काम करणारी माणसं तुला रोज दिसतील. प्राध्यापकांच्या जागा सगळीकडेच रिकाम्या आहेत असं ऐकते, म्हणून एक कर, ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या एखाद्या थर्ड इयरच्या मुलाला फोन लाव आणि विचार, प्रॅक्टिकल खरंच शेतात होतं का फायलीत. बाकी रँक-बिंक बाजूला ठेव.

आणि तुला खरंच उसात नाहीतर गाईंमध्ये जीव असेल तर राहुरी पहिल्या नंबरला ठेव, मी स्वतः बॅग भरून देते, एका शब्दानं अडवणार नाही. पण तुझा जीव कपाशीत आणि तुरीत आहे असं मला तरी वाटतं. दर १८ मेला विद्यापीठाच्या खरीप मेळाव्यात आपण बियाण्याच्या रांगेत उभं राहायचो, पप्पा पिशव्यांचं बघायचे आणि तू मला हात धरून प्रदर्शनातल्या किडींच्या पेट्यांकडं ओढायचास. तिथल्या एका सरांनी तुला विचारलं होतं, मोठा होऊन काय करणार, तू काय उत्तर दिलंस ते तुझं तुला आठवत असेल. एम.एस्सी.ला हवं तर राहुरीला जा, दापोलीला जा, दिल्लीला जा. तेव्हा तुझ्या पायाखाली काहीतरी असेल.

अभ्यासिकेचं मात्र मला वचन दे. नको, वचन नको देऊ, वचन दिल्यावर तू लपवशील. एवढंच कर, जेव्हा तुला वाटेल की आता वर्गात जाण्यात अर्थ नाही, त्या दिवशी मला फोन कर. मी ओरडणार नाही.

मामाला मी सांगितलं तुझं फॉर्मचं. तो काही बोलला नाही, मग थोड्या वेळानं म्हणाला त्याला म्हणावं मला विचार. तू त्याला विचार ओंकार, आमच्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त माहिती आहे, आणि कुणी काही विचारलेलं त्याला आवडेल.

सातबारा आणि नॉन क्रिमिलेअर निळ्या फाईलमध्ये आहे, स्कॅन उद्या सकाळी पप्पा पाठवतील. नंबर काय लावलास ते कन्फर्म करायच्या आधी मला पाठव, नंतर नको.

तुझी आई