सीईए शिबिरातून काढा, फॉर्मॅलिन थिएटरात पोहोचवा

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

‘एका रक्ततपासणीत कर्करोग ओळखा’ म्हणणाऱ्या शिबिरांत मोठ्या आतड्यासाठी बहुधा सीईए हे प्रथिन मोजतात. निरोगी माणसांच्या चाळणीसाठी त्याचा उपयोग नाही. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांचे सीईए नॉर्मल मर्यादेत, म्हणजे मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या आतच राहते, आणि विडी-सिगारेट, कावीळ किंवा सिरोसिसमुळे कर्करोग नसतानाही वाढते. खरा घात नॉर्मल रिपोर्ट करतो. तो हाती पडला की शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीच्या नावावर टाकून माणूस महिनोन्‌महिने अंगावर काढतो. शिबिरात काही करायचेच तर शौचातले मानवी हिमोग्लोबिन पकडणारी फिट चाचणी करावी, आणि पॉझिटिव्ह आल्यास कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडे पाहण्याची, तारीख लगेच द्यावी. ज्याला उघड रक्त जाते, त्याला थेट दुर्बीणच हवी.

सीईए कामी येते ते निदान झाल्यावर. शस्त्रक्रियेआधी एकदा, नंतर ४ ते ६ आठवड्यांनी. आधी वाढलेले असेल तर एव्हाना उतरायला हवे. पुढे साधारण दर ३ महिन्यांनी, पण प्रत्येक वेळी त्याच कंपनीच्या किटवर. निविदेत किट बदलले की आकडा विनाकारण उडी मारतो आणि नको तो सीटी स्कॅन होतो. बदल अटळच असेल तर एकच नमुना जुन्या-नव्या दोन्ही किटवर लावावा.

स्टेज मात्र सीईएवरून ठरत नाही. आतड्याच्या भिंतीत गाठ किती खोल गेली, किमान १२ लिम्फ नोड तपासून किती बाधित निघाले आणि इतरत्र पसार आहे का, यावर ती ठरते. त्याच्या जोडीला गाठीतली एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने पाहावी लागतात. त्यांतले एखादे नाहीसे असेल तर दुसऱ्या स्टेजला नुसत्या ५-एफयू या केमोथेरपीच्या औषधाचा फायदा होत नाही, चौथ्या स्टेजला इम्युनोथेरपीचा विचार होतो. एमएसएच-२ व ६ गेली असतील तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक कर्करोगप्रवण दोषाच्या शंकेने भावंडांनाही बोलवावे लागते.

या चार प्रथिनांची तपासणी बिघडते ती बहुधा ऑपरेशन थिएटरातल्या बादलीत. न उघडलेले आतडे शनिवारी छोट्या डब्यात कोंबले तर फॉर्मॅलिन (ऊती कुजू न देणारे द्रावण) तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरते. सोमवारी गाठीचा मधला भाग कुजलेला निघतो. मग पेशी रंगच घेत नाहीत आणि प्रथिन ‘नाही’ असे भासते. ही प्रथिने शेजारच्या निरोगी लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींत) असतातच; त्यांची केंद्रकेही तपकिरी रंगलेली दिसत नसतील, तर तो रिपोर्ट देऊच नये. कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीवर तपासणी पुन्हा करावी. तुकडे लहान, म्हणून ते नीट मुरलेले असतात.

उपाय स्वस्त आहे. आतडे तासाभरात उघडून, धुऊन, दहापट फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवायचे. लिटरमागे बाजारी फॉर्मॅलिन १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे दोन क्षार खरेदीच्या यादीतून गळता कामा नयेत. त्यांच्याविना द्रावण आम्लधर्मी होते.

सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना एक परिपत्रक काढावे: मोठ्या झाकणाच्या बादल्या, हे क्षार, आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर दोन रकाने, आतडे काढल्याची वेळ व फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ.

आपले,
आतड्याच्या कर्करोगावर काम करणारे काही पॅथॉलॉजिस्ट व सर्जन