पडवीत झोपणाऱ्यांवर पण सिनेमा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा ओटीटीवर 'रमन राघव २.०' परत बघितला. नवाजुद्दीनचं काम बघून अंगावर काटा येतो, त्यात वादच नाही. पण सुरुवातीलाच साठच्या दशकातल्या मुंबईतल्या रमन राघव या खुन्याबद्दल पाटी येते आणि हा सिनेमा त्याच्यावर नाही असं सांगून गोष्ट आजच्या मुंबईत जाते. मी त्या पाटीवरच अडकले कारण आमच्या घरात त्या दिवसांबद्दल अजून बोलतात.

माझी आजी १९६८ ला मालाडला बैठ्या चाळीत राहायची. गोरेगाव, मालाड, कांदिवली या पट्ट्यात झोपड्यांत नाहीतर उघड्यावर झोपलेल्या माणसांची डोकी कोणीतरी फोडत होतं. चाळीत अंधार पडला की कड्या लागायच्या, मोरीची खिडकी पण पाटा टेकवून बंद, पोरं काठ्या घेऊन आळीपाळीने गस्त घालायची. आजीच्या पडवीत एक वखारीतला हमाल झोपायचा, त्याला दुसरीकडे जागाच नव्हती. तो म्हणाला बाई आत नको घेऊ, फक्त दाराला पाठ लावून झोपू दे. अर्धी चाळ म्हणे हाकला त्याला, हाच असला तर? आजीने त्याला पितळी ताट आणि वरवंटा दिला, कोणी आलं तर बडव म्हणून, आणि रात्री जाग आली की आतून विचारायची, "आहेस का रे?" तो म्हणायचा, "हाय बाई." हे असं गणपतीपर्यंत चाललं.

२७ ऑगस्टला सब इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी जुन्या फोटोवरून रमन राघवला ओळखून पकडलं. तो फोटो होता कारण १९६५-६६ ला पूर्व उपनगरांत असेच हल्ले झाले तेव्हा संशयावरून त्याला धरलेलं होतं, पण पुरावा नाही म्हणून सोडलं! मधली दोन वर्षं माणसं झोपतच होती ना उघड्यावर? रमाकांत कुलकर्णींची क्राइम ब्रँच तपासाला लागली ती १९६८ ला. रमन राघवने ४१ खून कबूल केले, कबुलीच्या आधी कोंबडी मागितली हे सगळ्यांना पाठ आहे, फाशीची जन्मठेप झाली, १९९५ ला ससूनमध्ये वारला हे पण माहितीये. मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव कोणाला सांगता येईल का? मला तरी नाही येत आणि मी हे लहानपणापासून ऐकतेय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

श्रीराम राघवन यांनी १९९१ ला रघुवीर यादवला घेऊन सिनेमा केला होता, तो पण खुन्यावरच. आता कोणी करणार असेल तर कॅमेरा दाराबाहेर ठेवा, पडवीत, फुटपाथवर. तेव्हा तरुण असलेली मालाड-गोरेगावची माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याशी जाऊन बोला, ती आहेत तोवर.

आपली,
एक वाचक, डोंबिवली