माणसाने उतरायचे नाही, गाडीने चढायचे

मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका

स.न.वि.वि.

मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरला लोक ऑटो का शोधतात, ते कोणत्याही लेआउटमध्ये दिसते. फूटपाथ असतो, पण दर फाटकापाशी खाली उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. पन्नास फुटी प्लॉट धरले तरी तेवढ्यात 33 फाटके, म्हणजे 66 चढउतार. गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्या फाटकापासूनच रस्त्याने चालू लागतो.

पुढच्या निविदेत एक अट घालावी: फाटकासमोरही फूटपाथ त्याच पातळीत सलग जाईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, कमाल उंची 150 मिमी आहे. 100 ठेवली तर गाडीचा उतार रस्त्याकडेच्या 600 मिमी पट्ट्यात बसतो. विजेचे खांब, फलकही त्याच पट्ट्यात. आत 1.8 मीटर वाट पूर्ण मोकळी हवी. मध्ये विजेची डीपी पेटी आली की ती वाट संपली. उंच झालेल्या सिमेंट रस्त्यामुळे फाटके खोलगट झाली असतील तिथे आधी प्रत्येक फाटकाची पातळी घ्यावी आणि फाटकालगत जाळीची नाली द्यावी. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी अंगणात, आणि घरमालक स्वतःच फूटपाथ फोडतो.

फूटपाथचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, खचतात त्याला गट्टूंचा दोष नाही. खाली काळी माती आहे: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून 300 मिमी मुरूम, 150-150 च्या थरांत, पाणी मारून दाबलेला हवा. वर खडीचा थर, मग 25 ते 40 मिमी रेती. चालण्यापुरते 60 मिमीचे गट्टू, फाटकासमोर 80 चे. कडेला पक्की पट्टी नसेल तर रेती वाहून जाते. केबलसाठी खोदलेली चारीही अशीच थराथराने भरून घ्यावी. एरवी माती लोटून वर गट्टू मांडतात.

गाड्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेल्या बोलार्डमध्ये, म्हणजे बुटक्या खांबांमध्ये, व्हीलचेअरसाठी 1.2 मीटर अंतर लागते. तेवढ्यातून दुचाकीही जाते, तिला चालानच हवे.

चौकातही सिग्नलच्या वेळेचा हिशेब करावा. 24 मीटर रस्ता सेकंदाला 1.2 मीटर चालीने 20 सेकंदांत होतो; 0.8 ने चालणाऱ्या आजींना 30 लागतात. मेमध्ये त्या थांबतात ती जागा सावलीत हवी. कडुलिंब लावा, पण बुंध्याशी मीटरभर चौरस माती उघडी ठेवा.

नमुना म्हणून शंकरनगर चौक मेट्रो स्थानकाभोवतीचे 500 मीटर घ्यावेत. अंतिम बिलाआधी अभियंत्याने तिथून व्हीलचेअर नेऊन पाहावी. चौक ओलांडणे सोडून ती एकदाही रस्त्यावर उतरवावी लागली, तर बिल थांबवावे.

आपले,
नागपुरातील काही स्थापत्य अभियंते व नगररचनाकार