ताई, गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रिय ताई,

परवा फोन तू ठेवलास की माझ्याकडून कट झाला, याचा निकाल तुझी आई अजून द्यायचीय. तिच्या मते दोघांनाही आवाज चढवायची हौस आहे. म्हणून आता लिहूनच सांगतो. निदान मधे कोणी तोडणार नाही, आणि तुला कंटाळा आला तर कागद बाजूला ठेवता येईल.

आधी ब्रेकचं, कारण भांडणात ते राहूनच गेलं. गाडीचे ब्रेक पॅड बदलतानाचा तुझा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. काम स्वच्छ झालंय. कॅलिपर सोडवल्यावर तू तो तारेने वरच्या स्प्रिंगला टांगलास, नळीवर लोंबकळत सोडला नाहीस. हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. पिस्टन मागे ढकलायच्या आधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलंस आणि भोवती फडकं गुंडाळलंस, म्हणजे ते ऑइल रंगावर पडलं तर रंग उठतो हे तुला ठाऊक आहे. जुनं पॅड पिस्टनवर ठेवून क्लॅम्प सावकाश आवळलास. एकाच बाजूचं पॅड झिजलं होतं तरी दोन्ही बाजूंची बदललीस. आणि शेवटी गाडी जागची हलवण्याआधी पेडल दाबून दाबून कडक करून घेतलंस. इथे भलेभले विसरतात, मग पहिल्याच ब्रेकला पाय थेट तळाला जातो. मी तो व्हिडिओ काकाला दाखवला. त्यात नुसते हातच दिसतात ना. तो म्हणाला, "मुलगा तयार दिसतोय, कुठल्या गॅरेजचा?" मी बराच वेळ सांगितलं नाही. मजा घेतली.

पण त्या व्हिडिओच्या शेवटी तू फोन खाली नेलास, नळी कुठे घासतेय का ते दाखवायला. तुझं डोकं आणि एक खांदा गाडीखाली होता. आणि गाडी डिकीतल्या त्या कात्रीच्या जॅकवर होती. नुसत्या जॅकवर. माझ्या पोटात गोळा आला. फोनवर मी जे काही बोललो ते त्या गोळ्याने बोललं असं समज. तू म्हणालीस, "बाबा, दोनच मिनिटं गेले होते." मी एकदाच सांगून हा विषय संपवणार आहे: डिकीतला जॅक टायर बदलण्यापुरता असतो. गाडी उचलणं हे त्याचं काम, धरून ठेवणं नाही. झालं. आता पुढे.

क्लचचं निदान तू बरोबर केलंस. वरच्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, म्हणजे प्लेट घसरते आहे. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवायलाच हवा, तेही बरोबर. हे काम तुला जमणार नाही असं मी म्हटलेलं नाही. दादाला शिकवलं आणि तुला नाही, हे मात्र तू उगाच बोललीस. दादा पान्याला हात लावायला तयार नसायचा. त्याला मी बोलावून बोलावून उभं करायचो, आणि तू न बोलावता येऊन बसायचीस, त्या निळ्या डब्यावर, आणि चौदाचा मागितला की पंधराचा द्यायचीस, मुद्दाम, मी बघतो की नाही ते पाहायला. पुढे पुढे न सांगताच बरोबर पाना हातात यायला लागला. मी नट बघून आकडा ओळखायचो, तू माझा हात कुठे चाललाय ते बघून. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटला होता त्या दिवशी आठवतंय? तू टॉर्च धरून उभी होतीस आणि मामा...

मामाचं आता सांगूनच टाकतो. त्याने ट्रकचं काम का सोडलं, हे तू दरवेळी विचारतेस आणि तो दरवेळी वेगळं कारण देतो. भर उन्हाळ्यात, रस्त्याच्या कडेला, डांबरावर बाटली जॅक लावून आम्ही मागचा ॲक्सल उचलला होता. जॅक चांगला होता, वजन पेलणारा होता, ऑइल गळत नव्हतं. पण ऊन लागून डांबर मऊ झालेलं, आणि जॅकच्या बुडाखाली फळी नव्हती. मामा खाली होता. स्प्लिट पिन सापडेना म्हणून तो बाहेर आला, उठून उभा राहिला, आणि जॅक आडवा झाला. फार मोठा आवाजही झाला नाही. नंतर बघितलं तर जॅकच्या बुडाची एक कड डांबरात बोटभर रुतलेली, आणि मामा जिथे झोपला होता तिथे हातोडी, तिच्या दांड्याचे दोन तुकडे. पिन त्याच्या शर्टच्या खिशातच होती. तो त्यानंतर कुठल्याही गाडीखाली गेला नाही, आणि मी त्याला कधी जा म्हटलं नाही.

बघ, पुन्हा तिथेच आलो. ठरवून बसलो होतो की कामाचं तेवढं लिहायचं. तर कामाचं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढ, जोडताना ती शेवटी लाव. पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर पाना तिथेच चिकटून ठिणग्या उडतात. गिअर ऑइल सोडायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघ, मगच खालचा उघड. खालचा उघडून ऑइल सांडून बसायचं आणि वरचा हलतच नाही, अशी फजिती पुष्कळांची होते. चाकाच्या मधला ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर, पुढचं चाक लावलेलं, कोणीतरी ब्रेक दाबून बसलेलं. तो इतका आवळलेला असतो की पान्याला पाइप घालूनच सुटतो, आणि वर चढवलेल्या गाडीला पाइप लावून झटके दिले की सगळी गाडी डुलते. त्याची कड ठोकून दाबलेली असेल तर ती आधी उचलून घे. तो नट पुन्हा वापरू नकोस, नवा आण. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर आधी केसभर आवळायच्या बाजूला हलव, मग उलटा फिरव, मधे मधे तेल सोड. नुसतं जोर लावून आटे घालवू नकोस, नाहीतर बोल्ट मधेच तुटतो आणि मग ड्रिल घेऊन दिवस जातो.

गिअरबॉक्सला इंजिनाशी जोडणारे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर गोलाचं चित्र काढ आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोच. फोटो काढशीलच, पण फोटोत लांबी कळत नाही. तुझ्या गाडीचा बॉक्स ३० ते ४० किलोच्या घरात असेल. तो छातीवर घेऊन उतरवणारे मी पाहिलेत, त्यांचं कौतुक करू नकोस. दुसरा जॅक आणि वर फळी, आणि बरोबर माणूस. उतरवताना आणि चढवताना बॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नकोस, नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो, मग क्लच नीट सुटतच नाही आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेरीफेरीने. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये जेवढा लिहिलाय तेवढा. माझ्यासारखा मनगटाच्या अंदाजावर जाऊ नकोस. मनगट ट्रकवर तयार झालेलं असलं की कारच्या ॲल्युमिनियमला ते भारी पडतं.

आता हिशोब कर. बॉक्सला बॉडीशी धरणारा माउंट काढलास की इंजिनाची ती बाजू लटकते, म्हणजे तिला खालून किंवा वरून आधार पाहिजे. बॉक्स उतरवायला वेगळा आधार पाहिजे. मग गाडी कशावर राहणार? जॅक मोकळा राहतच नाही. तेव्हा गाडी धरून ठेवायला लोखंडी स्टँड लागणारच, माझ्या भीतीसाठी नव्हे, कामासाठीच. आणि हे ब्रेकसारखं डोकं घालून बघण्याचं काम नाही, तू तासन्‌तास खाली असणार. शिवाय बॉक्स खालून बाहेर ओढायचा तर गाडी बरीच उंच हवी. इथेच माणसाला मोह होतो, स्टँडखाली विटा घालायचा. ताई, वीट नको. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर मुळीच नको. तो वजन धरतो धरतो आणि कसलीही सूचना न देता फुटतो. उंची कमी पडली तर उंच स्टँड आण.

जमीन पक्की आणि सपाट बघ. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट लाव, चाक घरंगळू नये म्हणून. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस, गिअर पुढच्या चाकांना धरतो आणि ती तर तुझ्या हवेत असतील. हँडब्रेक मागच्यांना धरतो, तोही ताण आणि ओटही लाव. स्टँड कुठे लावायचे त्या जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या असतात, भलत्याच पत्र्याखाली लावलेस तर पत्रा आत जातो आणि गाडी सरकते. स्टँडवर टनाचा आकडा लिहिलेला असतो, तो एकाचा आहे की जोडीचा हे वाच. गाडी त्यावर बसली की खाली जायच्या आधी बाहेर उभी राहून तिला हलव, चांगली हलव. पडायची असेल तर तेव्हा पडू दे. आणि काढलेली दोन चाकं आडवी करून दोन्हीकडे बॉडीखाली सरकवून ठेव. काहीच झालं नाही तर तेवढीच जागा वाचली.

मला माहीत आहे, तू आता डोळे फिरवले असशील. इंजिनिअर झालेल्या मुलीला बाप ओट शिकवतोय. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, हेही कळतं मला. तुझी गाडी, तुझे हात. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा तर कोणाचंच ऐकत नव्हतो. राग मानू नकोस.

फक्त एक गोष्ट मी मागे घेणार नाही. क्लच झाला की आपला ट्रक खोलू म्हणालीस, मी आलो की. आनंदाने. पुढचे पाटे करू, हबचं बेअरिंग काढून ग्रीस भरू, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती किंग पिन बघू. पण मागच्या चाकाच्या ब्रेक चेंबरला मी नसताना हात लावायचा नाही. दिसायला तो पत्र्याचा डबा आहे. आत दाबून बसवलेली स्प्रिंग आहे. गाडी चालू असताना हवा त्या स्प्रिंगला मागे धरून ठेवते. हवा गेली की स्प्रिंग पुढे येते आणि ब्रेक लागतो, पार्किंग ब्रेक तोच. टाकीतली हवा काढली म्हणजे डबा मेला असं वाटतं, आणि खरं तर हवा गेल्यावरच स्प्रिंग मोकळी होऊ बघते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या केजिंग बोल्टने तिला बांधल्याशिवाय डबा उतरवायचा नाही, आणि त्याची क्लॅम्प तर उतरवल्यावरही खोलायची नाही. ती स्प्रिंग माणसाला ठार करते. खराब झालेला डबा आख्खा बदलायचा. लॉक रिंगच्या चाकाचंही तसंच, टायर जागेवर धरायला ज्याला वेगळी लोखंडी रिंग असते त्याचं. आधी सगळी हवा काढायची, मगच रिंग. आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात, माणूस समोर नाही. जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेने उडवू नकोस, पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुस.

तर काम कधी काढतेस ते कळव. एकटी असताना काढू नकोस. शेजारची ती मैत्रीण पाने देऊ शकत नसली तरी चालेल, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर असली म्हणजे झालं. गाडी चढवलीस की खाली जायच्या आधी स्टँडचा फोटो पाठव, दोन्हीकडचा. मी उत्तरात काही लिहिणार नाही, नुसता अंगठा पाठवीन. अंगठा आला नाही तर समज की मला काहीतरी दिसलंय.

तुझे,
बाबा

ता. क. नव्या प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे जाते ते बहुधा छापलेलं असतं. नसेल तर जुनी काढताना बघून ठेव. प्लेटच्या घासणाऱ्या बाजूला, फेसिंगला, ग्रीसचा हात लागू देऊ नकोस. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग जुनं चांगलं वाटलं तरी याच खेपेला बदल, त्याच्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवायचा नाहीये. माझे उंच स्टँड काकाबरोबर पाठवतोय. तो रविवारी तिकडे येतोय. तोवर गाडी चढवू नकोस. आणि माझ्यावर अजून रागावली असशील तर आईच्या फोनवर कर, ती स्पीकरवर टाकते.