ऑक्टोपस म्हणजे जादा हवा नव्हे

मा. संपादक, स. न.

तुमच्या पुरवणीतला स्कूबा डायव्हिंगवरचा लेख वाचला, लेख छानच होता, पण त्यात ‘डायव्हरकडे ऑक्टोपस असतोच, त्यामुळे हवा संपली तरी घाबरायचं कारण नाही’ असं एक वाक्य होतं, ते वाचून गप्प बसवेना. अहो, ऑक्टोपस म्हणजे पिवळ्या होजवरचा (नळीवरचा) दुसरा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, त्याला हवा येते ती त्याच टाकीतून आणि टाकीवर बसवलेल्या, दाब कमी करणाऱ्या त्याच फर्स्ट स्टेजमधून. टाकी रिकामी की तोही गेला. तो असतो बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला द्यायला. तुमची हवा संपली तर तुम्हाला मिळणार बडीच्या टाकीतली, तीही तो हाताच्या अंतरावर असेल तर, आणि बडी नेमका तेव्हाच फोटो काढत पुढे गेलेला असतो.

म्हणून वेगळी टाकी हवी, स्वतःच्या रेग्युलेटरसकट (मोठी असली की तिला पोनी म्हणतात). प्रश्न एवढाच की केवढी. सुटसुटीत दिसते म्हणून बरेच जण ती पाण्याच्या बाटलीएवढी टाकी घेतात, जिच्या डोक्यावरच माउथपीस असतो. मीही घेतलेली. तिच्या मोठ्या मॉडेलमध्ये साधारण ८५ लिटर हवा मावते, ऐकायला भरपूर वाटतं, पण ३० मीटर खोलीवर दाब ४ बार, पाण्यावरच्या चौपट असतो म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा जाते आणि त्या ८५ चे झाले जेमतेम २१. एकदा १८ मीटरवर बडीला समोर थांबवून मी तिच्यावर श्वास मोजत बसलो, अगदी शांतपणे, कसली गडबड नाही. सोळाव्या श्वासाला ओढायला जड जायला लागलं, अठराव्याला काहीच आलं नाही. तिथून मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला २ मिनिटं लागतात, आणि घाबरलेला माणूस तेवढ्यात किती श्वास घेतो ते तुम्हीच बघा. १० मीटरच्या आत फिरणार असाल तर ठीक, तेही काठावर पास.

३० मीटरचा हिशोब करून बघा. घाबरल्यावर मिनिटाला ३० लिटर धरा (खरं तर याहून जास्तच लागते). खाली काय बिघडलं ते कळून रेग्युलेटर बदलेपर्यंत एक मिनिट गेलं, तिथेच १२० लिटर संपले. ५ मीटरपर्यंत यायला तीनेक मिनिटं, त्याला अडीचशेच्या आसपास. मग वर येण्याआधी तिथेच थांबायचं, तो ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, १३५. वरचं किरकोळ धरून सव्वापाचशेच्या आसपास जातं. म्हणजे ३ लिटरची पोनी २०० बारला भरली की ६०० लिटर होतात, ती पुरते. १९ क्यूबिक फूटवालीत साधारण ५४० लिटर असतात, ती कशीबशी पुरते. १३ वाली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, आणि पोनीतली हवा डाइव्हच्या प्लॅनमध्ये अजिबात धरू नका, नाहीतर ती जादा कसली.

लेखात नव्हतं असं अजून एक. पोनीचा रेग्युलेटर मुख्य रेग्युलेटरसारखाच दिसत असेल तर घोळ होतो. माझा झालाय. उडी मारली, खाली गेलो, आठ मिनिटं झाली तरी मुख्य टाकीचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा २०० वरून हलेना, मला वाटलं वा, आज काय श्वास बसलाय! मग लक्षात आलं की तोंडात पोनीचाच रेग्युलेटर आहे आणि जी संकटासाठी ठेवली ती मी फिरायला वापरतोय. तेव्हापासून तिचं माउथपीस वेगळ्या रंगाचं आहे, रबरी दोरीने हनुवटीखाली अडकवलेलं, तिला स्वतःचं छोटं गेज आहे आणि उडी मारायच्या आधी बडी ते बघतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद यावर डायव्हर लोक रात्रभर भांडतील, मी उघडाच ठेवतो.

आणि लेखात आमच्या टाकीला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटलंय, तेवढं ते पुढच्या वेळी दुरुस्त करा. आमच्या टाकीत तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा असते, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी ६ मीटरच्या खाली गेला तर त्याला पाण्यातच झटके येऊ शकतात.

आपला,
एक डायव्हर वाचक